दुसऱ्या हादऱ्याआधी

“आत्या, ओढा आटलाय.”

“काय म्हणतीस?”

“ओढा. पाणी घोट्याइतकंसुद्धा नाही. आणि जे आहे ते तांबडं, नुसता राडा.”

आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. आत्या चुलीपुढं बसून भाकरी थापत होत्या. हात न थांबवता त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि परत परातीत बघितलं. बाहेर पाऊस असा कोसळत होता की शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागत होतं. आठवडा झाला, उघडीप म्हणून नव्हती.

“एवढ्या पावसात ओढा आटतोय व्हय? खुळी का काय तू?”

“मग चला, स्वतः बघा.”

“मला भाकऱ्या हायत्या. भांडी घासून झाली का तुझी, ते सांग आधी.”

कसली भांडी घेऊन बसल्यात! टोपलं ओढ्यातल्या दगडावर तसंच टाकून मी पळत आले होते. मी मुळातलीच उतावळी. एका जागी बसणं मला जन्मात जमलं नाही, माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची. त्या सकाळी तर मी घरातून पडवीत आणि पडवीतून घरात नुसत्या येरझाऱ्या घालत होते. आमचे हे कामाला परगावी गेलेले. झोळीत माझी सीमा झोपली होती, आठ-नऊ महिन्यांची असेल. मी दर खेपेला झोळीला उगाच एक झोका देत होते आणि पोर दर खेपेला दचकत होती.

“अगं ए, जागी करशील तिला! बस की जरा,” आत्या ओरडल्या.

मी पोलादपूरकडची, घाटाखालची. मी लहान असताना आमच्या शेजारची एक वाडी डोंगराखाली गेली. माझी सख्खी मावशी त्या वाडीत दिली होती. ती आदल्या सकाळी आमच्याकडं आली होती आणि आईला हसत हसत सांगत होती, “अक्का, आमचा व्हाळ कोरडा पडलाय गं, एवढ्या पावसात! गंमतच आहे की नाही?” आईनं तिला चहा दिला, पोह्यांचं गाठोडं दिलं आणि वाटेला लावलं. पुढं आम्हाला ना मावशी दिसली, ना तिचं घर. जाणती माणसं नंतर सांगायची, वर डोंगर सुटून पाण्याच्या आडवा बसला होता, म्हणून खाली व्हाळ कोरडा पडला. पाणी साठत साठत गेलं आणि एकदम फुटलं.

पण हे सांगायचं कुणाला? इथल्या लोकांची भीतीच निराळी होती. आमचं सावरटेक कोयनेच्या खोऱ्यात. सदुसष्ट सालच्या मोठ्या भूकंपात निम्मं गाव खाली बसलं होतं, आणि त्यानंतर जमीन अधूनमधून हादरतच राहिली. फळीवरची भांडी खणखणली की हातातलं काम टाकून जो तो खळ्यात पळायचा. खळं म्हणजे गावाची मिळून मळणीची जागा. ओढा घळीतून बाहेर पडतो तिथं, सपाट, उघडी. जवळपास भिंत नाही की झाड नाही. भूकंपानंतर तेव्हाच्या म्हाताऱ्यांनी ठरवून टाकलं होतं की हादरा आला की खळ्यात यायचं, आणि दुसरा हादरा येऊन गेल्याशिवाय तिथून हलायचं नाही. पहिल्या हादऱ्यात भिंती नुसत्या ढिल्या होतात, माणूस मारतो तो दुसरा, असं इथलं शेंबडं पोरही सांगायचं.

आणि खळ्यात राज्य आमच्या आत्यांचं. सगळे जमले की त्या दगडावर उभ्या राहून एकेका घराला हाक मारायच्या. “वरचं घर?” “हाय!” “सुतारवाडा?” “हाय!” एखाद्या घरातून हाय आलं नाही की तरणी माणसं धावत जाऊन तिथलं म्हातारंकोतारं बाजेसकट उचलून आणायची. हे काम आत्यांना कुणी नेमून दिलं नव्हतं. मोठ्या भूकंपात त्यांची थोरली पोर, हौसा, घराखाली गेली. आमचे हे तेव्हा कडेवरचे, म्हणून वाचले. तेव्हापासून आत्या थंडी असो, पाऊस असो, पडवीतच झोपायच्या. सरकारनं डोंगराच्या सोंडेवर सिमेंटच्या स्लॅबची शाळा बांधून दिली, तर तिच्या सावलीलासुद्धा त्या कधी उभ्या राहिल्या नाहीत. त्यांच्या मनाला लागलेलं गाव ओळखून होतं. म्हणून त्यांचा, ठकुबाईचा, शब्द कुणी मोडत नसे.

मी परत पडवीत आले तर बाळकूनाना एका हातात चहाचा कप, दुसऱ्यानं घोंगडं झटकत उभे. आमच्या भावकीतले, वयानं सासऱ्याच्या जागी, पण माझी थट्टा केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे.

“काय गं कोकणी, आज परत डोंगर पडतोय म्हणं?”

“नाना, हसू नका. ओढा आटलाय.”

“आटंना का. तेवढंच बायांना पलीकडं जायला सोपं.” ते आत तोंड करून ओरडले, “ठकूवहिनी, तुमच्या सुनंला माहेरी धाडा चार दिस. डोकं तापलंय तिचं.”

“तीच माझं डोकं तापवतीया,” आतून आत्या म्हणाल्या.

मला इतका संताप आला की मी नानांच्या हातातला चहा काढूनच घेणार होते. तेवढ्यात ते झालं.

वरच्या अंगाला, घळीत खोल कुठंतरी, गडगडलं. जात्यात खडा सापडल्यावर घरघरतं तसं, पण केवढ्या मोठ्या जात्याचं! पायाखालची जमीन बारीक थरथरली. नानांनी कप तिथंच ठेवला आणि बोंब ठोकली, “हादरा! हादरा आला!”

आत्या वयाच्या मानानं काय चपळ! मी वळेपर्यंत त्यांनी सीमाला झोळीतून उचललं होतं आणि त्या अंगणात पोचल्याही होत्या. पिठाचे हात तसेच. मला काही सुचेना, मीही त्यांच्या मागं पळत सुटले. आख्खं गाव पळत होतं. कुणी इरलं घेतलेलं, कुणी पोतं पांघरलेलं, पलीकडच्या आळीतल्या पांगळ्या सोनाकाकूला दोघांनी खांद्यावर घेतलेलं. मिनिटं मोजावीत इतक्यात खळं भरलं. कुणाच्या तोंडावर भीती नव्हती हो! लग्नात पंगत बसावी तशी माणसं आपापल्या नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिली.

“वरचं घर?”

“हाय!”

“सुतारवाडा?”

“हाय!”

हाका चालल्या होत्या आणि मी तिथं उभी, नुसती जळत होते. कारण मला आता ओढा दिसत होता. खळ्याच्या कडेला लागूनच तो. पात्र उघडं पडलं होतं. दगड ओले, काळे, आणि मधल्या डबक्यांत मासे फडफडत होते. दोघं-तिघं बाप्ये आणि पोरं हाका संपायची वाट न बघता त्यात उतरून मासे धरायलाही लागले होते. मी दगडावर टाकलेल्या टोपल्यात घालून ओरडत होते, “आयला, फुकट कालवण!”

“तीनाच्या वर न्हाय ह्यो,” बाळकूनाना बाजूच्या माणसाला सांगत होते. “तीन पॉइंट दोन. हरलो तर चहा माझा.”

हाही इथलाच खेळ. हादरा किती रिश्टरचा ते खळ्यात उभं राहून सांगायचं आणि संध्याकाळी रेडिओवर ताडून बघायचं. बाळकूनाना सहसा चुकत नसत.

मी गर्दीतून घुसून आत्यांपुढं गेले.

“आत्या, हा हादरा नाही.”

“गप. सुतारवाडा झाला. चावडीजवळचं घर?”

“आत्या, ऐका तरी! भांडी वाजली का आत्ता? एकतरी भांडं पडलं का फळीवरचं? आवाज आधी आला, मग जमीन हलली. आणि तो अजून थांबला नाही. ऐका!”

खरंच थांबला नव्हता. पावसाच्या आवाजाखाली, वर घळीत, काहीतरी कुरकुरत होतं, घासत होतं. दोघातिघांनी माना वर केल्या. पण वर धुक्याशिवाय काय दिसणार?

“वर डोंगर सुटलाय,” मी म्हणाले. “पाणी अडलंय त्याच्यामागं. ते फुटलं की सरळ इथं येणार, ह्या खळ्यात. आमच्याकडं असंच झालं. चला, शाळेवर चला सगळे. सोंडेवर खडक आहे, तिथं काही होणार नाही.”

शाळेचं नाव काढलं आणि आत्यांचा चेहरा बदलला.

“त्या सिलॅपाखाली? दुसरा हादरा यायचा हाय अजून! माझ्या डोळ्यांदेखत माणसं आत घालू म्हणतीस?”

“हादरा नाहीच तर दुसरा कुठला येणार?”

“तुला काय ठावं हादरा? तू न्हवतीस तवा. कुणी हलायचं न्हाय हितनं!” हे शेवटचं त्या सगळ्या खळ्याला ओरडून म्हणाल्या.

आणि कुणी हललं नाही. मी एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. सुताराची सून माझ्या वयाची, तिचे डोळे मोठे झाले होते, पण तिचा हात नवऱ्यानं धरला होता. बाळकूनानांनी मायेनंच माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“पोरी, आम्ही ह्या खळ्यानं जगलोय. जरा कळ काढ.”

मी काय करायचं होतं? पाया पडायचं? तेवढा धीर कुणाजवळ होता! माझं पोर त्या बाईच्या कडेवर होतं आणि मला मावशी दिसत होती, दारात उभी राहून चहाची बशी फुंकणारी. मी सीमाला धरलं आणि ओढलं. आत्यांनी घट्ट धरून ठेवलं. आम्ही दोघी भर खळ्यात, भर पावसात पोर ओढत होतो आणि ते बिचारं किंचाळत होतं. शेवटी मी आत्यांच्या दंडाला हिसडा दिला. सासूच्या अंगाला हात लावला, सगळ्या गावासमोर. सीमा माझ्याकडं आली आणि मी पळाले.

खरं सांगते, गाव वाचवावं वगैरे माझ्या डोक्यात काही नव्हतं. माझी पोर वाचली म्हणजे झालं, बाकीचे खड्ड्यात जाईनात का, असंच मनात होतं. रागच तेवढा आला होता. सोंडेची पायवाट म्हणजे नुसती घसरगुंडी झालेली. दोनदा पडले, गुडघे फुटले. मागून आत्यांची हाक येत होती, “सुगंधे! सुगंधे, थांब गं!” आणि मी आणखी जोरात पळत होते.

शाळेला त्या दिवशी कुलूप नव्हतं. पावसानं गुरुजी खालच्या गावी अडकले होते, दाराला नुसती तार पिळलेली. व्हरांड्यात पोचून मी मागं बघितलं आणि थक्क झाले. आत्या माझ्यामागं येत होत्या. आणि त्यांच्या मागं सगळं खळं येत होतं. आत्या जातील तिथं जायची त्यांना सवयच होती, का जायचं ते कुणी विचारलंच नसणार. सोनाकाकूला खांद्यावर घेतलेले दोघं, मासे धरणारे टोपल्यासकट, सगळे.

पण पायवाट एका वळणावर घळीच्या काठाला लागते, तिथं आत्या थांबल्या. सगळे थांबले. वर स्लॅब दिसला होता ना त्यांना.

“खाली ये!” त्या ओरडल्या. “पोरीला घेऊन बाहेर ये! अगं, पडंल ते अंगावर!”

बरोबर त्यांच्या पायांखाली ती घळ. तिथं त्यांना पाव तासही उभं राहून चालणार नव्हतं. मी ओरडून सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं का? आयुष्यात पहिल्यांदा मी थोडं डोकं चालवलं. मी सीमाला दोन्ही हातांत वर धरलं, आत्यांना नीट दिसेल अशी. मग वळले, दाराची तार तोडली आणि वर्गात शिरले. पार शेवटच्या भिंतीला जाऊन उभी राहिले, फळ्याखाली. एकदा हिच्या डोळ्यांसमोर पोर छपराखाली गेली होती. आता ही वर येऊन मला झिंज्या धरून बाहेर ओढणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. ओढू दे. वर तर येऊ दे.

बाहेरून आत्यांचा आवाज येईना. मग आला तो धापांचा. दारात त्या उभ्या राहिल्या. पदर डोक्यावरून गेलेला, हातावर ओलं पीठ. उंबऱ्यापाशी त्यांचे पाय थांबलेले मी बघितले. त्यांनी वर स्लॅबकडं बघितलं.

मग त्या आत आल्या. मला शिवी नाही, थप्पड नाही, काही नाही. सरळ येऊन त्यांनी सीमाला माझ्या हातातून घेतलं, छातीशी आवळलं आणि तिथंच उभ्या राहिल्या. बाहेर नेलं नाही. मागून माणसं व्हरांड्यात चढत होती, कुणी आत, कुणी अंगणात.

तेव्हा ते फुटलं.

आवाजाचं काय सांगू? आवाज नव्हताच तो, भिंतीच बोलायला लागल्या. खिडकीतून मी बघितलं. घळीतून तांबडं काहीतरी उभंच्या उभं आलं, त्यात झाडं होती, म्हशीएवढे दगड होते, आणि ते पाण्यासारखं धावत होतं. पायवाटेचं ते वळण गेलं. खळं गेलं. ओढ्याकाठची घरं, आमचंसुद्धा, एकामागून एक बसली आणि पुढं वाहत गेली. कुणी ओरडलं नाही. सुताराची सून तेवढी माझा दंड धरून हळूहळू म्हणत होती, “अगं बया, अगं बया, अगं बया.”

जरा शांत झालं तसं कुणीतरी विचारलं, “बाळकूनाना कुठाय?”

नाना आले नव्हते. सगळ्यात शेवटी वर आलेल्या पोरानं सांगितलं, नाना खळ्यातच दगडावर बसले. तंबाखू मळत म्हणाले, “तुम्ही जावा. मी हाय हितं. ठकूवहिनी त्या कोकणीला घेऊन परत येतीलच की.” त्यांना आम्ही चौथ्या दिवशी खाली नदीच्या वळणावर शोधून काढलं. मला आजही त्यांचा राग येतो, आणि रडूही येतं. माझ्या डोक्यावर हात ठेवणारं गावात दुसरं कुणी नव्हतं.

गावात आता सांगतात, ठकुबाईनं वेळेवर गाव वर नेलं. तालुक्याहून माणसं आली, त्यांनाही तेच सांगितलं. मी मान डोलावते. मला मात्र त्या सकाळी वाटलं होतं की मी त्यांना फसवून वर आणलं. त्यांच्या भीतीचा मी कासरा केला, आणि ओढलं.

पण त्या दिवशी दुपारी काय झालं ते ह्यांनासुद्धा मी कधी सांगितलेलं नाही.

दुपारी पाऊस जरा कमी झाला. माणसं अंगणात जाऊन खालचं बघत होती, रडत होती. वर्गात आम्ही दोघीच. आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, सीमा मांडीवर. त्या बाहेर जाईनात. मी म्हणाले, “आत्या, चला अंगणात. मी तुम्हाला मुद्दाम आत आणलं. पोर आत नेली तर तुम्ही मला बाहेर काढायला याल, म्हणून. मारा मला हवं तर.”

“तुला बाहेर काढाय न्हाय आले मी.”

“मग?”

त्या सीमाच्या पायावरचा चिखल अंगठ्यानं पुसत राहिल्या.

“हौसा गेली तवा घर पडलं न्हवतं,” त्या म्हणाल्या.

मला कळेना. “म्हणजे?”

“पयल्या हादऱ्याला न्हाय पडलं. उभं हुतं. मी कडंवरच्या आनंदाला, तुझ्या नवऱ्याला, घेऊन खळ्यात आले. ती आतच ऱ्हायली, दार अडाकलं हुतं का काय. आतनं हाका मारत हुती. लई येळ मारत हुती. मग दुसरा आला.”

“लोकांनी धरून ठेवलं असेल तुम्हाला.”

“कुणी न्हाय धरलं.” त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, दाराच्या उंबऱ्याकडं बघत होत्या. “समदी म्हणत्यात, धरलं म्हणून. कुणाचा हातबी न्हवता माझ्या अंगावर. माझा पायच उचलला न्हाय.”

मी त्यांच्या शेजारी खाली बसले.

“आज उचलला,” आत्या म्हणाल्या. मग सीमा चुळबुळायला लागली तशी त्यांनी तिला माझ्याकडं दिली. “घे, पाज तिला. भुकंजलीया.”